पाहुण्यांच्या शोरूममधून गाडी घेताना

प्रश्न : मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. बायको शिक्षिका आहे. आमची २०१४ सालची छोटी गाडी माझ्याच नावावर आहे आणि गेल्या सहा-सात वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही. वडिलांच्या गुडघ्यांमुळे जरा उंच गाडी घ्यायची ठरवली. पाडव्याला दारात हवी, असा आईचा हट्ट आहे. शोरूममध्ये माझ्या मावसबहिणीचा दीर सेल्सला आहे. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "महिन्याला किती जमेल?" आम्ही दहा हजार म्हणालो. त्यानं सहा लाखांचं सात वर्षांचं कर्ज आणि ९,९६१ रुपये हप्ता बसवून दिला. कोटेशन सोबत पाठवतोय. फक्त पांढरा रंग लगेच मिळेल, असं तो म्हणतो. माझा पगार ज्या बँकेत होतो ती नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे, पण हप्ता बारा हजारांच्या वर जातो. मित्र म्हणतो, एक फायनान्स कंपनी सहाच टक्के घेते. वडील म्हणतात, मुलीच्या सासरचा माणूस आहे, भाव करत बसू नकोस, तिला तिथं ऐकून घ्यावं लागेल. जुन्या गाडीला कारखान्यातला एक सहकारी १,८५,००० देतो म्हणतोय. काय करू?
— म. शि., जुळे सोलापूर

उत्तर : म. शि., तुमच्या वडिलांची अडचण मला पटते आणि तिला हसण्यात अर्थ नाही. मुलीच्या सासरच्या माणसाशी दोन हजारांवरून तोंड वाजलं, तर ते पुढच्या लग्नकार्यापर्यंत घुमत राहतं. पण तुमचं कोटेशन वाचल्यावर एक गोष्ट दिसली. जिथं तुमचे जास्तीत जास्त पैसे वाचणार आहेत, तिथं पाहुण्यांशी घासाघीस करायची वेळच येत नाही. "हे नको", "हे मी बाहेरून घेतो", "याची पावती द्या" एवढं म्हणायला लागतं. भाव करायची जागा एकच आहे, आणि तिथंही समोर पाहुणे नसतील अशी व्यवस्था करता येते.

आधी त्या पहिल्या प्रश्नाकडे बघू. "महिन्याला किती जमेल?" हा प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण त्याचं उत्तर दिलं की गाडीची किंमत, जुन्या गाडीचा भाव, व्याजदर आणि विमा हे चारही व्यवहार एका हप्त्यात विरघळतात. मग कुठलाही आकडा वाढवता येतो, फक्त वर्षं वाढवायची. बँकेच्या वाहन कर्ज विभागात असताना मी पाहिलं आहे की लोकांना हप्ता तोंडपाठ असतो आणि व्याजदर विचारला की ते कागद शोधायला लागतात. तुमच्या कोटेशनवर तर व्याजदर लिहिलेलाच नाही. सहा लाख, ८४ महिने, ९,९६१ यांवरून मी उलटा हिशेब केला, तो दहा टक्के निघतो.

तुम्ही हिशेबातलेच आहात, तेव्हा आकडे सरळ मांडतो. पाहुण्यांच्या कर्जात तुम्ही एकूण ८,३६,७२४ रुपये फेडाल, म्हणजे व्याज २,३६,७२४. तुमच्या बँकेच्या नऊ टक्क्यांत पाच वर्षांसाठी हप्ता १२,४५५ येतो आणि व्याज सुमारे १,४७,३००. फरक जवळजवळ ८९ हजारांचा. पण त्यातला फक्त २६ हजारांचा भाग एक टक्का जास्त दरामुळे आहे. उरलेले ६३ हजार निव्वळ दोन वर्षं जास्त घेतल्याचे आहेत. म्हणजे तुमच्याच बँकेकडून सात वर्षांचं घेतलंत तरी दुखणं बरंचसं तसंच राहतं. सात वर्षांचं कर्ज मी गाडीसाठी सहसा सुचवत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी टायर, बॅटरी, क्लच यांचा खर्च सुरू होतो आणि तेव्हाही हप्ता चालूच असतो.

मित्राचे सहा टक्के फ्लॅट असणार, पैज लावायला तयार आहे. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच लागतं, तुम्ही अर्धं फेडलं असलं तरी. सहा लाखांवर सहा टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे व्याज १,८०,००० आणि हप्ता बरोबर १३,०००. बँकेच्या "महागड्या" नऊ टक्क्यांचा हप्ता १२,४५५. घटत्या शिलकेच्या, म्हणजे रिड्यूसिंग, पद्धतीनं मोजलं तर ते सहा टक्के पावणेअकराच्याही थोडे वर जातात. कुणी दर सांगितला की दोनच शब्द विचारा : फ्लॅट की रिड्यूसिंग? आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना सही घेण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वार्षिक खरा दर लिहिलेला असतो. बँक असो वा फायनान्स कंपनी, तो कागद मागायचा आणि दोघांचे दर शेजारी ठेवायचे. त्याच कागदात कर्जाच्या रकमेत गुपचूप मिसळलेला 'कर्ज सुरक्षा' विमाही सापडतो. तो सक्तीचा नसतो.

आता कोटेशन. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा धरायच्या आधीची किंमत, ७,९०,०००. आरटीओ ९९,५००. विमा ४६,८००. अॅक्सेसरीज १८,५००. हँडलिंग ७,५००. वाढीव वॉरंटी १४,०००. कोटिंग ९,९००. फास्टॅग ६००. एकूण ९,८६,८००. खाली मोठ्या अक्षरांत "एकूण फायदा १,०५,०००".

त्या एक लाख पाच हजारांत ७० हजार 'जीएसटी कपात' म्हणून दाखवलेत. ही कपात २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के आणि वर सेस होता, तो १८ टक्क्यांवर आला. ती सरकारनं दिली आणि तुमच्या ७,९०,००० मध्ये आधीच धरलेली आहे. डीलरनं ती पुन्हा फायद्यात मोजणं म्हणजे भाजीवाल्यानं पाऊस चांगला झाल्याचे पैसे सवलतीत धरण्यासारखं आहे. उरलेल्या ३५ हजारांतले २० हजार एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिली तरच. रोख सूट १५ हजार. तेवढीच सूट समजा आणि तिथून बोलायला सुरुवात करा.

आरटीओचा आकडा बघा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, कर ११ टक्के. ७,९०,००० चे ८६,९०० होतात. नोंदणी, स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा चढवणं अशा किरकोळ फीचे आणखी तीन-चार हजार धरा. एक्क्याण्णव हजारांच्या आसपास हिशेब बसायला हवा. वरचे साडेआठ हजार कशाचे, हे पाहुण्यांना विचारू नका, त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल. "कराची ऑनलाइन पावती निघेल तेवढेच पैसे मी देणार, बाकी परत," एवढं शोरूमच्या हिशेब विभागाला सांगा. पावती परिवहनच्या पोर्टलवरून निघते, त्यात पळवाट नाही.

हँडलिंग चार्ज देऊ नका. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत असतो. कोटिंगही नको. सोलापूरच्या उन्हाचा धाक दाखवून ते विकलं जातं. उन्हाचं म्हणाल तर तुम्हाला मिळणारा पांढरा रंग हाच त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण त्या पांढऱ्याबद्दल पुढं बोलतो. अॅक्सेसरीजच्या साडेअठरा हजारांत मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि 'क्रोम किट' आहे. यातलं मॅट आणि सीट कव्हर लागतील. तुमच्या बायकोनं ते बाहेरून रंग बघून घ्यावेत. बाकीच्याची कुणाला आठवणही येणार नाही. वाढीव वॉरंटीबद्दल माझं मत वेगळं आहे. तुम्ही २०१४ ची गाडी अजून वापरताय, म्हणजे ही गाडीही दहा वर्षं ठेवणार. अशा माणसाला ती घेणं फायद्याचं. पण बहुतेक कंपन्या ती नंतरही, मूळ वॉरंटी संपेपर्यंत, देतात, फक्त दर थोडा वाढतो. कर्ज काढून आज का घ्यायची?

विम्यात तुमचं खरं नुकसान होतंय आणि तुम्हाला ते ठाऊकही नाही. सलग पाच किंवा अधिक वर्षं क्लेम नसला की ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. हा बोनस गाडीला चिकटलेला नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी तुमच्या नावावर आहे आणि नवीही तुमच्याच नावावर घेणार असाल, तर तो नव्या गाडीवर आणता येतो. जुनी गाडी विकल्यावर जुन्या विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. नव्या पॉलिसीच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागाच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. कोटेशनच्या ४६,८०० मध्ये बोनसची ओळच नाही. म्हणून नवी गाडी वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर घ्यायचा मोह आवरा. नाव बदललं की हा बोनस गेला.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा घ्यावाच लागतो आणि त्याचा दर सगळ्या कंपन्यांचा सारखा असतो. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये. दोन कंपन्यांकडून भाव काढताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेपसारखी (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणारी) जोड-कव्हरं सारखी ठेवा, नाहीतर तुलना खोटी होते. "बाहेरून विमा घेतलात तर क्लेमला हाल होतील," असं सांगितलं जाईलच. त्यात तथ्य एवढंच की त्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये ती कंपनी कॅशलेस देते की नाही, हे आधी विचारून घ्यायचं. देत असेल तर हाल होत नाहीत. आणि खरं सांगू? बाहेरचा कमी भाव दाखवला की शोरूमचा विमाही बऱ्याचदा तिथवर खाली येतो. मग तिथूनच घ्या, पाहुण्यांचं इन्सेंटिव्हही सुटणार नाही.

जुन्या गाडीला शोरूम १,६०,००० देतंय, वर २० हजार बोनस. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की कारखान्यातला एक सहकारी १,८५,००० द्यायला तयार आहे. पाच हजारांच्या फरकासाठी मी सहकाऱ्याला विकणार नाही. ओळखीत विकलेल्या गाडीचा गिअरबॉक्स वर्षभर तुमच्याच डोक्यावर बसतो. पण तो १,८५,००० चा आकडा शोरूममध्ये नक्की सांगा आणि १,७०,००० मागा. गाडी देताना नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० सही करून त्यांची प्रत ठेवा, गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पोच घ्या. पुढं अपघात झाला किंवा चलन आलं, तर गाडी तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हती, हे दाखवायला तोच कागद लागतो; पण कागदोपत्री नाव बदलेपर्यंत जबाबदारी सुटली असं धरू नका.

आता रोख सूट. इथं मात्र भाव करावा लागतो, आणि तो पाहुण्यांशी करूच नका. त्यांच्या हातात फारसं काही नसतंही. जास्तीची सूट सेल्स मॅनेजरच्या सहीनं मिळते. आधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडून लेखी कोटेशन आणा. सोलापुरात दुसरा नसेल तर लातूर, धाराशिव किंवा पुण्याचा फोनवर मागवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाल्यापासून राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करता येते, त्यामुळे पुण्याची गाडी घेतली म्हणून तुमचं काही अडत नाही. फार तर नंबर एमएच-१३ ऐवजी एमएच-१२ येईल. कर्नाटकातला भाव विचारायच्या फंदात पडू नका. विजयपूर, कलबुर्गी जवळ असलं तरी कर आणि नोंदणीचा घोळ अंगावर येतो.

मग पाहुण्यांना एकट्यात सांगा, "पाहुणे, गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. पण हा पुण्याचा कागद घरी सगळ्यांनी पाहिलाय. तुम्हाला मध्ये घालत नाही, मॅनेजरसाहेबांशी पाच मिनिटं बसवून द्या." यात त्यांचा मान राहतो. उलट, गिऱ्हाईक हातचं जात होतं ते मी धरून ठेवलं, असं त्यांना वर सांगता येतं. या बैठकीला वडिलांना नेऊ नका. त्यांचं "जाऊ द्या हो, घरचंच आहे" हे एक वाक्य दहा हजारांना पडेल. बायकोला न्या. वर्गात चाळीस पोरं सांभाळणाऱ्या बाईपुढं मॅनेजरची "शेवटचा आकडा" ही भाषा फार टिकत नाही.

मॅनेजरपुढं हप्त्याचं नावही काढायचं नाही. आधी गाडीची सूट ठरवा, ती कागदावर लिहून घ्या. मग जुन्या गाडीचा भाव. कर्जाचा विषय शेवटी. तो विचारेल, "फायनान्स आमच्याकडून ना?" तेव्हा नाही म्हणू नका. "तुमचा दर चांगला असेल तर का नाही," म्हणा. कर्जाच्या फायलीमागे शोरूमला बँकेकडून कमिशन मिळतं आणि त्या आशेवर तो सूट थोडी सैल सोडतो. त्यानं साडेनऊ टक्क्यांनी कर्ज आणि त्याबदल्यात दहा हजारांची जादा सूट दिली, तर सहा लाखांवर पाच वर्षांत अर्ध्या टक्क्याचे सुमारे ८,७६० रुपये जास्त जातात. म्हणजे सौदा तुमच्याच बाजूचा झाला. दहा टक्के लावत असेल तर तुमची बँक बरी. मात्र कुणाचं ठरेपर्यंत पॅन कार्डची प्रत देऊ नका. शोरूमवाले एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकतात आणि तितक्या चौकश्या तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर उमटतात.

या सगळ्यातून हप्ता कुठं येतो? हँडलिंग, कोटिंग, अॅक्सेसरीज मिळून ३५,९०० गेले. आरटीओतले साडेआठ हजार. वॉरंटीचे १४ हजार पुढं ढकलले. विम्यात दहा हजार कमी होतील असं धरलं आणि रोख सूट आणखी २५ हजार मिळाली, तर कर्ज सहा लाखांवरून पाच लाख सात हजारांच्या आसपास येतं. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १०,५००. तुमच्या दहा हजारांच्या अगदी शेजारी. आणि दहा हजार हीच पक्की मर्यादा असेल, तर पाच वर्षांत ४,८०,००० पेक्षा जास्त कर्ज तुम्हाला बसत नाही. जुन्या गाडीचे वाढीव दहा हजार मिळाले तरी थोडं कमी पडेल. तेवढ्यासाठी एक व्हेरिअंट खाली या. सनरूफ तसंही मेमध्ये आपल्याकडं बंदच ठेवावं लागतं.

दिवाळीचा बोनस कर्जात भरायचा विचार असेल तर मुदतपूर्व परतफेडीची अट आत्ताच वाचा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या, व्यक्तींनी धंद्यासाठी न घेतलेल्या कर्जांवर असा दंड घेता येत नाही. पण गाडीची बरीच कर्जं ठरावीक दराची असतात आणि तिथं दोन-चार टक्के दंड लिहिलेला असू शकतो.

आणि पाडव्याचं. पाडव्याच्या आठवड्यात शोरूममध्ये गाड्यांना हार घालायला रांग लागते, त्या दिवशी तुम्हाला कोण सूट देणार? पण यंदा, म्हणजे २०२६ ला, पाडवा मार्चमध्येच आहे आणि मार्चअखेर टार्गेट गाठायची घाई त्यांनाही आहे. म्हणून भाव आजच ठरवून बुकिंग करा, डिलिव्हरी पाडव्याला घ्या, सूट बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यात द्या, पाहुण्यांच्या फोनवर नको, ते कितीही घरचे असले तरी.

तुम्ही लिहिलंय, "फक्त पांढरा रंग लगेच मिळेल." तो लगेच का मिळतोय ते बघा. गेल्या वर्षी बनलेली गाडी यार्डात उभी असेल तर हे असंच सांगितलं जातं. चासी नंबर मागा आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, बनल्याचा महिना आणि साल असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०२५ ची निघाली तर गाडी वाईट म्हणून सोडू नका. पण विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाणार, त्याची किंमत आत्ताच वसूल करा. मग २५ हजारांवर थांबायचं कारण नाही, आणि मॅनेजरलाही ते माहीत असतं.

वडिलांना मात्र हे सगळं आधी सांगू नका. सही झाली, सूट कागदावर आली, की त्यांना पाहुण्यांकडे पेढे घेऊन पाठवा आणि मावसबहिणीला फोन करून तिच्या दिराचं तोंडभरून कौतुक करा. तेवढं कौतुक त्यांना मिळायलाच हवं, बैठक त्यांनीच लावून दिलेली असेल. जाता जाता एक : जुनी गाडी दिली त्याच दिवशी तिचा फास्टॅग बंद करा. नाहीतर ती गाडी पुण्याच्या टोलवरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कटतील.